ब्रह्मकमळाला पाने नसतात

आमच्या घरातले ब्रह्मकमळ तासगावहून डोंबिवलीला आले ते एका ‘पानाच्या’ रूपाने. सासूबाईंच्या माहेरी विहिरीच्या कठड्याशी त्याचे मोठे जाळे होते. कुठल्याशा माहेरपणाहून परतताना त्यांनी त्यातले वीतभर पान तोडले, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून एस.टी.च्या पिशवीत चकल्यांच्या डब्याशेजारी ठेवले आणि घरी येऊन कुंडीत खोचले. त्याला आता ४२ वर्षे होतील. या काळात दोन भाड्याची घरे झाली, मग हा फ्लॅट झाला, आणि दर पावसाळ्यात एका रात्री शेजारपाजाऱ्यांना बोलावून, दिवे मंद करून, उमललेल्या फुलापुढे उदबत्ती लावण्याचा रिवाजही तसाच चालत राहिला. त्यामुळे मागच्या आषाढात एका सकाळी आईंनी (सासूबाईंना मी आईच म्हणते) गॅलरीतून हाक मारून “अगं, हे झाड कलंडलंय बघ” म्हटले, तेव्हा मी हातातली कणीक तशीच टाकून गेले.

झाड कलंडले होते खरे, पण वरून पाहता त्याला काही झाल्यासारखे वाटत नव्हते. ग्रिलला सुतळीने बांधलेले लांब पट्टे हिरवेगार होते आणि एकावर तर बारीकशी कळीही धरली होती. मातीलगतच्या दोन-अडीच इंचांत मात्र रंग बदललेला होता. हिरव्याचा पिवळट, पिवळटाचा तपकिरी, आणि तपकिरीच्या खाली चहात बुडवून ठेवलेल्या बिस्किटासारखा ओलसर काळा. “पाणी कमी पडलं असेल,” आई म्हणाल्या. मलाही तेच वाटले, कारण वरचे पट्टे थोडे सुरकुतलेले होते. मी तांब्याभर पाणी घातले. जे करायला नको होते नेमके तेच मी पहिल्यांदा केले, हे मला चार दिवसांनी कळले.

इथे थोडे थांबून या झाडाची अंगरचना सांगणे भाग आहे, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. आपण घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते हिमालयातले ब्रह्मकमळ नव्हे. उत्तराखंडाचे राज्यपुष्प असलेले ते झाड सूर्यफुलाच्या कुळातले, उंच डोंगरउतारांवरचे आहे. आपले हे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले निवडुंग आहे, ‘एपिफायलम ऑक्सिपेटॅलम’, आणि निवडुंग म्हटल्यावर पानांचा प्रश्नच मिटतो. ज्याला आपण पान म्हणून तोडतो, गुंडाळतो, शेजारणीला देतो ते सपाट झालेले खोड असते. मधली जाड शीर हा त्या खोडाचा कणा, कडेच्या खाचा म्हणजे डोळे, आणि कळी त्या खाचेतूनच येते. पान लावून झाड येते याचे आपल्याला जे नवल वाटते त्यातले निम्मे त्यामुळे ओसरते, कारण आपण सरळ साधे छाटकलम लावत असतो. उरलेले निम्मे नवल मात्र वाढते: अख्खे झाड म्हणजे खोड, तेव्हा या झाडाचे दुखणे म्हणजे खोडाचेच दुखणे.

खोड तपकिरी दिसले की घाबरावे का, तर दर वेळी नाही. जुन्या ब्रह्मकमळाचा बुंधा वयानुसार गोल होतो, त्याचा हिरवा रंग जातो आणि वर बुचासारखी खरखरीत साल येते. शेतकरी ज्याला ‘जून होणे’ म्हणतात तेच हे. जेडच्या रोपाचे, अडेनियमचे, तुळशीचेही असेच होते, आणि कित्येक हौशी माणसे त्या निरोगी जूनपणावर औषधे मारत बसतात. मनी प्लांटच्या पेऱ्यांवरचे तपकिरी खुंट पाहूनही अनेकांना रोगाची शंका येते. ती हवेतली मुळे असतात. त्यामुळे खोड तपासताना डोळ्यांवर फार विसंबू नये. आधी अंगठ्याने दाबून पाहावे. जून खोड दाबले तर लाकडासारखे विरोध करते, त्याची साल कोरडी असते, तिला वास नसतो. कुजलेले खोड दबते, आणि दबल्यावर परत वर येत नाही. गुलाब, जास्वंद, तुळस अशा लाकडी खोडांना नखाने हलकेच खरवडावे. सालीखाली ओला हिरवा थर दिसला तर ती फांदी जिवंत, कोरडे तपकिरी दिसले तर मेलेली, आणि मग खरवडत खाली खाली जात हिरवे कुठे लागते ते शोधायचे.

चौथ्या दिवशी मी अंगठा लावला. साल उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सरकली आणि खालचा गर बोटाला बुळबुळीत लागला. वास घेतला, कुबट होता, बंद ट्रंकेतल्या ओल्या गोधडीसारखा. वासाचेही एक शास्त्र आहे. बुरशीची कूज बहुधा अशी कुबट असते, पण जिवाणूंची मऊ कूज सडक्या कांद्या-बटाट्यासारखी नाक फिरवायला लावते आणि दोन-तीन दिवसांत खोडाचे पाणी करून टाकते. वाट पाहायला वेळ आहे की नाही, हे वासावरून कळते.

पण वरचे पट्टे हिरवे कसे? गुलाबाचा बुंधा सडला असता तर दोन दिवसांत शेंडे मान टाकून मोकळे झाले असते. निवडुंगाच्या खोडात पाण्याचा साठा असतो, आणि तळातला पुरवठा तुटला तरी ते आठवडेच्या आठवडे त्या साठ्यावर निभावते, कळीसुद्धा धरते. सुरकुत्या हीच काय ती तक्रार, आणि ती हुबेहूब तहानेसारखी दिसते. मुळे सडली की ती पाणी शोषू शकत नाहीत, म्हणून पाण्यात उभे असलेले झाड तहानेने सुकते, आणि ते सुकलेले पाहून मालकीण आणखी पाणी घालते. घरातली निम्मी झाडे या मायेनेच मरत असावीत असे माझे मत आहे.

मधल्या काळात मी एका नर्सरीत चक्कर मारून आले होते. तिथल्या माणसाने फोटोकडे अर्धवट पाहून कार्बेन्डाझिमची पुडी हातात दिली आणि “मातीत ओता, आठवड्यात उठेल” असे सांगितले. झाड पाहायचे राहिले, कुंडीबद्दल त्याने एक प्रश्न विचारला नाही. मी ती पुडी ओतली. ते बुरशीनाशक काही बुरशींवर चांगले चालते, पण पाणथळ मातीत मुळे आणि बुंधा सडवणाऱ्या पिथियम आणि फायटोप्थोरा या मंडळींवर त्याचा परिणाम होत नाही, कारण ती मुळात बुरशी नव्हेतच. ती दिसतात बुरशीसारखी, पण नात्याने तपकिरी शेवाळांच्या जवळची आहेत. फायटोप्थोरा हे नाव १८७६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ अँटन डी बारी याने दिले. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ होतो ‘वनस्पतींचा नाश करणारा’. १८४५ पासून आयर्लंडमधले बटाट्याचे पीक बसवून दुष्काळ आणणारा जीव याच जातकुळीतला. या जिवांचे बीजाणू शेपट्या हलवत अक्षरशः पोहतात. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की त्यांच्यासाठी कालवे सुरू होतात.

म्हणून शेवटी जुने वर्तमानपत्र पसरून मी कुंडी आडवी केली. ती मी वर्षापूर्वी ऑनलाइन मागवलेली, राखाडी, चकचकीत प्लॅस्टिकची कुंडी होती; इमारतीच्या रंगकामात मजुराची परांची लागून जुनी मातीची फुटली, तेव्हा हिच्यात झाड हलवले होते. माती बाहेर आली ती गटारासारखा वास घेऊनच. मुळे काळी पडली होती. त्यातले एक चिमटीत धरून ओढले तर वरचे आवरण मोज्यासारखे निघून हातात आले आणि आत दोऱ्याएवढा पांढुरका धागा लोंबकळत राहिला. मुळे सडल्याची याहून स्पष्ट खूण नाही. मग मी कुंडी उलटी केली. तळाला चार गोल खुणा होत्या, रुपयाएवढ्या, छान रेखलेल्या. ती भोके पाडायच्या जागा होत्या. पाडलेली भोके नव्हती. ती ग्राहकाने ठोकून पाडायची असतात, हे मला ठाऊक नव्हते आणि वर्षभरात कुंडी उचलून पाहण्याची बुद्धीही झाली नव्हती. उन्हाळ्यात ते निभावले. आषाढात ग्रिलमधून तिरका पाऊस येऊ लागला तसा कुंडीचा हौद झाला.

आई शेजारी मोड्यावर बसून हे पाहत होत्या. त्या एकच वाक्य बोलल्या, “वाफसाच नव्हता तिला.” वाफसा हा शब्द शहरात आम्ही विसरून गेलो आहोत, पण त्यात कुंडीतल्या झाडाचे सगळे शास्त्र आले. पावसानंतर जादा पाणी निचरून जाते, मातीच्या कणांभोवती ओल राहते आणि मधल्या पोकळ्यांत हवा शिरते. मुठीत धरलेल्या ढेकळाचा चिखलही होत नाही आणि धूळही उडत नाही, ती अवस्था म्हणजे वाफसा. मुळांना पाण्याइतकाच प्राणवायू लागतो. ज्याला आपण ‘पाणी जास्त झाले’ म्हणतो तो खरे तर हवेचा दुष्काळ असतो. मूळ मुलखात ब्रह्मकमळ मोठ्या झाडांच्या बेचक्यांत, साठलेल्या पालापाचोळ्यात मुळे पसरून राहते, जिथे कितीही पाऊस झाला तरी पाणी क्षणभर थांबत नाही. त्याला बंद हौदात उभे करणे म्हणजे काय केले, हे मला त्या एका वाक्याने उमगले.

आता कापणे भाग होते. छाटणीची कात्री बाजूला ठेवून मी स्वयंपाकघरातली पातळ पात्याची सुरी घेतली, कारण कात्री मऊ खोड चेचते. पाते स्पिरिटने पुसले आणि मातीपासून चार बोटांवर पहिला काप घेतला. गर वरवर हिरवा होता, पण मधोमध कण्याच्या जागी पेन्सिलच्या शिशासारखा तपकिरी ठिपका होता. इथेच पुष्कळ जण फसतात. बाहेरून निरोगी दिसणाऱ्या भागातही कूज नलिकांमधून पुढे गेलेली असते आणि तो ठिपका सोडून दिला तर लावलेले कलम पंधरा दिवसांत तळापासून काळे पडते. पुन्हा पाते पुसले, आणखी दोन बोटे वर काप घेतला. ठिपका बारीक झाला होता, गेला नव्हता. प्रत्येक कापाआधी पाते पुसायचे, नाहीतर आपणच रोग वर वर चढवत जातो. चौथ्या कापाला मधला भाग पांढरट हिरवा, एकसारखा, काकडीच्या चकतीसारखा निघाला आणि त्यावर चिकट पाण्याचे थेंब आले. आईंनी चष्मा वर-खाली करून तो पाहिला आणि मान डोलावली. कळी असलेला पट्टा मात्र बुडापर्यंत डागाळलेला निघाला. तो तसाच टाकायला त्यांचे मन होईना, म्हणून पाण्याच्या पेल्यात उभा करून दोन दिवस देवाजवळ राहिला. कळी उमलली नाही.

कापांवर हळद लावायची की नाही यावर आमचा थोडा वाद झाला. हळदीने जखम भरते हा त्यांचा अनुभव, आणि तो माणसांच्या बोटांचा असल्याने मला खोडून काढता येईना. पण झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरत नाही. अमेरिकेच्या वनखात्यात काम करणारे ॲलेक्स शायगो यांनी यांत्रिक करवतीने हजारो झाडे उभी चिरून त्यांच्या पोटातल्या जुन्या जखमा पाहिल्या आणि १९७७ मध्ये जे मांडले त्याचे सार असे, की झाड सडलेला भाग दुरुस्त करत नाही, ते त्याला कोंडून टाकते. जखमेभोवती ते भिंती उभ्या करते, आत जे गेले ते गेले, आणि जखमेनंतर तयार होणारे नवे लाकूड हीच त्यातली सर्वांत मजबूत भिंत असते. नलिकांच्या दिशेची, म्हणजे वर-खालची भिंत सर्वांत कच्ची, म्हणून कूज आडवी कमी आणि उभी जास्त पसरते. शायगो यांची झाडे जंगलातली होती आणि माझे हे मऊ निवडुंग, तरी सुरीखाली मला दिसलेला तपकिरी ठिपका याच कच्च्या वाटेने वर निघाला होता. जखमांवर रंग किंवा डांबर फासून कूज थांबत नाही, असेही त्यांचे सांगणे होते. हळद ओल्या कापावर लगदा होऊन बसते आणि लगदा ओल धरतो, म्हणून मी काप कोरडेच ठेवावेत या मताची. शेवटी चार तुकड्यांपैकी एकाला हळद लागली. सुनेने एवढे तरी ऐकावे.

गुलाबाच्या बाबतीत मात्र मी त्यांचे ऐकते. त्यांच्या वडिलांची द्राक्षाची बाग होती, एप्रिलातली खरड छाटणी आणि ऑक्टोबरातली गोडी छाटणी या दोन तारखांवर घराचे वर्ष चाले. छाटणीनंतर ओलांड्यांवर, म्हणजे वेलीच्या आडव्या जाड फांद्यांवर, बोर्डो पेस्ट लावली जाई. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि १० लिटर पाणी; फवारणीच्या मिश्रणाला तेवढ्याच मोरचूद-चुन्याला १०० लिटर. लोखंडी भांडे वापरायचे नाही, आणि मिश्रण जमले का ते पाहायला त्यात क्षणभर विळ्याचे पाते बुडवायचे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, पाते स्वच्छ निघाले तर ठीक. लहानपणी दोन-दोन दिवस हातांवरून निळा रंग जात नसे, असे त्या सांगतात. या मिश्रणाचा जन्मही रस्त्याकडेच्या द्राक्षांच्या राखणीतून झाला. फ्रान्समध्ये बोर्डोजवळचे बागाईतदार वाटसरूंनी घड चोरू नयेत म्हणून कडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. तेवढ्याच वेलींवर केवडा हा बुरशीसारखा रोग पडलेला नाही हे मिलार्दे या प्राध्यापकाच्या लक्षात आले आणि १८८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केले. आमच्या गुलाबाची फांदी छाटल्या जागेपासून काळी पडत खाली उतरू लागली, की मी काळ्याच्या खाली दोन इंच निरोगी हिरव्यात, बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या जरा वर तिरका काप घेते आणि आई कापसाने त्यावर बोर्डो लावतात. चमचा-चमचा प्रमाणात कालवलेले ते औषध श्रीखंडाच्या जुन्या डब्यात असते, आणि त्या डब्यावर त्यांनी मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहून ठेवले आहे.

बाकीच्या झाडांचे थोडक्यात सांगते. जास्वंदीच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण, आणि खोडावरून मुंग्यांची रांग चढत असेल तर कीड दिसण्याआधीच तिथे शोधावे. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस प्रत्येक पुंजक्याला लावणे हे कंटाळवाणे पण खात्रीचे काम. खोलीतल्या मनी प्लांटच्या दोन पानांमधले अंतर वाढत जाऊन वेल काटकुळी झाली तर तो रोग नव्हे, उजेडाची भूक आहे. लांबलेले पेरे उजेडात नेल्यावर आखूड होत नाही, ते छाटून नवे येऊ द्यावे लागते. लकी बांबू बांबू नसून ड्रॅसिना आहे, आणि त्याचे पिवळे पडलेले कांडे पुन्हा हिरवे होत नाही. ते लगेच काढावे, म्हणजे त्याच भांड्यातली इतर वाचतात. डिफेनबाकियाचे खोड कापताना हातमोजे घालावेत आणि मुलांना दूर ठेवावे, कारण त्याच्या रसात सुईसारखे स्फटिक असतात आणि ते भयंकर खाजतात.

ब्रह्मकमळाचे चार तुकडे सावलीत, पंख्यापासून दूर, कपड्यांच्या कपाटावर वर्तमानपत्रावर ठेवले. पावसाळी हवेत काप सुकायला दहा दिवस लागले. बोट लावल्यावर तिथे चामड्यासारखी कोरडी खपली लागली तेव्हाच लावले. नारळाचा काथ्या, जाडी वाळू, विटांचा चुरा आणि थोडेसे गांडूळखत. तळाला खडे घालायला मी निघाले होते, कारण लहानपणापासून सगळ्यांना तसेच करताना पाहिले आहे, पण ते टाळले. बारीक माती पाण्याने पुरती भरल्याशिवाय पाणी तिच्यातून खालच्या मोठ्या खड्यांत उतरत नाही, म्हणून खड्यांचा थर निचरा वाढवत नाही, उलट चिंब मातीचा थर मुळांच्या जवळ वर उचलतो. भोकावर माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती एक खापरी ठेवली. कुंड्या मातीच्या, कुंभारवाड्यातून आणलेल्या. दोन इंच खोल खोचून काडीचा आधार दिला आणि आठवडाभर पाण्याचा थेंब घातला नाही. आईंना हे फार जड गेले. “अगं, पाण्याशिवाय मूळ कसं धरेल?” असे त्या रोज विचारत आणि मी रोज “उद्या घालू, आई” असे म्हणत असे.

एक तुकडा श्रावणातच तळाशी काळा पडून गेला. हळदीचा नव्हे, माझ्या कोरड्यांपैकीच एक. बहुधा चौथ्या कापावर समाधान मानून मी घाई केली होती. उरलेले तीन हलकेच ओढून पाहिले की हाताला अडकत, म्हणजे मुळे धरली होती. त्यातला एक खालच्या मजल्यावरच्या काकूंना दिला. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडच्या एकाच्या खाचेतून लालसर, गवताच्या काडीएवढा गोल कोंब बाहेर आलेला दिसला. मी आईंना हाक मारली. त्या आल्या, वाकून बराच वेळ पाहत राहिल्या, कोंबाला बोट लावले नाही. मग दोन्ही हातांनी कुंडी उचलून उजेडाकडे तिरकी धरली आणि खालचे भोक पाहिले.